समुद्रकाठची सुट्टी : आधी तिथी पाहावी

मालवणला जायचे ठरले की घरात चर्चा सुरू होते. रजा कुणाला केव्हा मिळेल, गाडी कुणाची न्यायची, खोल्या किती लागतील, मासे कुठे चांगले मिळतात. शाळेची सहल असली तर वर्गणी, एसटी, पालकांची संमतिपत्रे, मुख्याध्यापकांची सही. हे सगळे व्यवस्थित होते. ज्याच्या काठी जायचे त्या समुद्राला तेवढे कुणी विचारीत नाही. आपण जाऊ तेव्हा तो तिथे असणारच, असे आपण गृहीत धरतो. असतो खरा, पण सकाळी दहाला तो जिथे असतो तिथे दुपारी तीनला नसतो, आणि सोमवारी दहाला जिथे असतो तिथे शुक्रवारी दहाला नसतो. त्याचे वेळापत्रक निराळे आहे. ते वाचता आले तर सहलीचा दिवस कोणता, पाण्यात उतरायचे केव्हा आणि केव्हा मुळीच उतरायचे नाही, हे घरबसल्या बरेचसे ठरवता येते. त्याला लागते ते भिंतीवरचे कॅलेंडर आणि पाऊणकीचा पाढा.

आधी गाव आणि वाट पाहू. मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. गावासमोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला, गावाच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्लीची पांढरी पुळण, आणि त्याच्याही पुढे देवबाग. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तिच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोहोंचा संगम. रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला किंवा कणकवलीला उतरावे. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर आहे. कोल्हापूरकडून येणारे बहुतेक फोंडा घाटाने येतात. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, हे ध्यानात ठेवा.

ऋतू कोणता धरावा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, मासेमारीही जूनपासून निदान जुलैअखेरपर्यंत बंद असते. जिथे मच्छीमार होडी घालीत नाही तिथे आपण पाय घालण्यात काय शहाणपण? नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून कोळी बांधव पुन्हा कामाला लागतात, पण ते त्यांच्यासाठी. आपल्यासाठी समुद्र निवळायला दसरा उजाडतो. मे महिना सोयीचा वाटतो, कारण शाळांना सुट्टी असते. परंतु त्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून वारे फिरतात, पाणी जड होऊ लागते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघे दगावले, ते याच दिवसांत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरला तरी त्यात नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत मालवणच्या अरुंद रस्त्यांवर गाडीला गाडी लागते, खोलीचे भाडे दुप्पट होते आणि पुळणीवर माणूसच माणूस दिसतो. गर्दीचा त्रास होतो म्हणून मी हे सांगत नाही. गर्दीने मनाची फसगत होते म्हणून सांगतो. शंभर माणसे पाण्यात दिसली की आपल्याला वाटते, इथे भीती नाही. त्या शंभरांतले नव्वद तुमच्याचसारखे आज सकाळी घाटावरून उतरलेले असतात. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून पाण्यात शिरलेला असतो. आणि एवढ्या डोक्यांतून एक डोके दिसेनासे झाले, तर ते कुणाच्या लक्षात यावे?

आता मुख्य गोष्ट, भरती-ओहोटी. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण भरती रोज त्याच वेळी येत नाही. ती मुख्यतः चंद्रामागून चालते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. म्हणून तिची वेळ तारखेवरून सांगता येत नाही, तिथीवरून सांगता येते. कोकणातल्या जुन्या माणसांनी याचे सोपे गणित बसवून ठेवले आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते.

आपल्या आजोबांच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. ती पाऊणकी इथे कामाला येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. पूर्ण भरती दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. द्वादशीला बारा पाऊण नऊ. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही पंधरा धरायच्या. पंधरा पाऊण सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या आसपास, द्वादशीला दुपारी सव्वातीनला, पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाचला.

हा ठोकताळा आहे. यात पाऊण तासाची चूक धरूनच चालावे, आणि किनाऱ्यागणिक फरकही पडतो. पक्की वेळ छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकात मिळते, आता मोबाइलवरही मिळते, आणि धक्क्यावरच्या कुठल्याही खलाशाला तोंडपाठ असते. मग पाऊणकी कशाला हवी? अशासाठी की, तुम्ही दोन महिने आधी गावातल्या शाळेत बसून सहलीचा दिवस ठरवीत असता तेव्हा समोर खलाशी नसतो, कॅलेंडर असते. तेव्हा हा हिशेब वर्गात फळ्यावर करून घ्यावा. सातवीच्या मुलाला अपूर्णांकांचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या धड्यात सापडेल?

वेळेइतकाच जोरही तिथीवर अवलंबून असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढते आणि खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, चढउतार बेताचा. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरच्या आसपास वरखाली होते. मालवणकडे त्याच्या निम्मे, दोन मीटरच्या आतबाहेर. दोन मीटर म्हणजे किती, ते वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला भिंतीशी उभे करून दाखवा. ओहोटीच्या वेळी तो जिथे कोरडा उभा असेल, तिथे सहा तासांनी त्याचे डोके पाण्याखाली असू शकते.

तर मग दिवस कोणता निवडावा? तुम्हाला काय करायचे आहे त्यावर ते ठरेल. मुलांना सकाळी काठच्या पाण्यात खेळू द्यायचे असेल तर दशमी ते त्रयोदशी बऱ्या. त्या दिवसांत पूर्ण भरती सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. साध्या उताराच्या वाळूवर भरतीचा शेवटचा तास-दीड तास त्यातल्या त्यात बरा. मात्र लाटा उंच आणि आपटणाऱ्या असतील तर तो तासही सोडून द्यावा. पाणी खेळण्यापेक्षा समुद्रातले जीव पाहायचे असतील तर उलट तिथी घ्या : चतुर्थी-पंचमी. तेव्हा सकाळी नऊ-दहाला ओहोटी असते, काठचे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत राहिलेल्या पाण्यात खेकडे, शंखातले किडे, लहान मासे, खडकाला चिकटलेल्या शिंपा असे कितीतरी दिसते. पाठ्यपुस्तकातली चार चित्रे तिथे जिवंत भेटतात. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. जीव पाहून जागच्या जागी ठेवावा, प्रवाळ तोडू नये. आणि खडकावर गेल्यावर परतायची वेळ आधी ठरवावी. ओहोटीच्या टोकाला सगळ्यांनी वाळूकडे वळायचे. पाणी परत येते तेव्हा ते समोरूनच येईल असे नाही. मागच्या सखल चरातून ते आधी आत शिरते, आणि आपण उभे असलेल्या खडकाचे बेट करून टाकते.

समुद्र शांत दिसला आणि तिथी भांगाची असली म्हणजे निश्चिंत झाले, असे मात्र समजू नका. रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडून मेले. पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. त्या दिवसाची तिथी काढून पाहिली तर पौष वद्य अष्टमी येते, म्हणजे उधाणही नव्हे. एकाच दुपारी चौदा घरे उजाड झाली. शाळेच्या किंवा कॉलेजच्या सहलीचे नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने ही तारीख लक्षात ठेवावी असे मला वाटते. तिथी पाहणे ही पहिली पायरी. पाण्यात उतरल्यावर आणखी एक गोष्ट ओळखता यावी लागते. तिला आपण पाण्याची ओढ म्हणू.

ओढ लागते कशी? लाटा एकामागून एक काठावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला हवे. ते सगळीकडून सारखे परत जात नाही. पाण्याखालच्या वाळूत जिथे चर पडलेला असेल तिथे ते गोळा होते आणि ओढ्यासारखे समुद्राकडे धावते. शेतात पावसाचे पाणी बांध फोडून एकाच जागी बाहेर पडते ना, तसेच. आता गंमत अशी, आणि ही गंमत जिवावर बेतणारी आहे, की या चरावर पाणी खोल असल्यामुळे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये एक गडद, गुळगुळीत पट्टा, असे दिसते. नवखा माणूस म्हणतो, इथे लाटा नाहीत, मुलांना इथेच उतरवू. नेमकी तीच जागा ओढीची असते. म्हणून पोहोचल्याबरोबर कपडे काढून पळत सुटू नये. दहा मिनिटे उंच वाळूवर बसून पाणी पाहावे. फेस कुठे आहे, कुठे नाही, गढूळ पाणी कुठून आत चालले आहे, ते मुलांनाच शोधायला सांगावे.

एखादा ओढीत सापडलाच तर? ओढ माणसाला खाली बुडवीत नाही, ती त्याला आत नेते. घाबरून काठाकडे तोंड करून हातपाय मारले की दम तुटतो आणि मग माणूस बुडतो. ज्याला पोहता येते त्याने काठाला समांतर, आडवे पोहत जावे. ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो, तो ओलांडला की लाटाच काठाकडे आणतात. ज्याला येत नाही त्याने उताणे होऊन तोंड वर ठेवावे, एक हात उंच करावा आणि ओरडावे. विहिरीत पोहायला शिकलेल्या गावाकडच्या मुलांबद्दल मला अधिक धास्ती वाटते. त्यांना खरोखर पोहता येते, म्हणून ती पुढे जातात. पण विहिरीचे पाणी जागेवर असते.

काठावरच्यांनी काय करावे? वाचवायला भराभर उड्या घेऊ नयेत. एकाच्या पाठोपाठ तिघे जातात, ते असेच. आधी काहीतरी तरंगणारे फेकावे : झाकण लावलेला रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, दोरी, साडीसुद्धा चालेल. जवळचे मच्छीमार किंवा जीवरक्षक यांना हाक मारावी. ११२ ला फोन करावा, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला. माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, हे आपल्याकडचे जुने प्रकार करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे जातात, आणि पोटातले पाणी उलटून फुप्फुसात जाते. श्वास बंद असेल तर आधी नाक चिमटून तोंडाने चार-पाच श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध जोराने तीस दाब, पुन्हा दोन श्वास, आणि हे मदत येईपर्यंत सोडू नये. हे वाचून येत नाही. सहलीआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना शाळेत बोलावून दोन-तीन शिक्षकांनी हाताने करून पाहावे.

गुरुजी आणि बाई, पुढचे चार शब्द खास तुमच्यासाठी. मुलांच्या जोड्या लावा. जोडीतला एक नजरेआड झाला की दुसऱ्याने तत्काळ सांगायचे. आठ-दहा मुलांमागे एक मोठे माणूस ठेवा. पाण्यात उतरण्यापूर्वी मोजा, बाहेर आल्यावर मोजा, गाडीत बसल्यावर पुन्हा मोजा. मुलांसाठी गुडघ्याएवढ्या पाण्याची मर्यादा ठेवा, आणि ती कुठपर्यंत हे वाळूत दोन काठ्या रोवून दाखवा. शिक्षकांपैकी एकाने पाण्यात उतरायचेच नाही. गळ्यात शिटी, पाठ गावाकडे, तोंड समुद्राकडे, आणि हातात मोबाइल नाही. फोटो काढणारा माणूस पहारा देत नाही. जेवणानंतर सुस्तावलेल्या वेळी, प्रवासाने थकलेली मुले गाडीतून उतरल्या उतरल्या, आणि संध्याकाळी अंधार पडता पडता, या तीन वेळी पाणी वर्ज्य करा.

देवबागच्या संगमाला होडीने जाऊन पाहून यावे, तिथे आंघोळ मात्र करू नये. भरतीने नदीत चढलेले पाणी ओहोटी लागली की नदीच्या पाण्यासकट मुखातून बाहेर धावते. वाळूचे दांडे तिथे रोज जागा बदलतात. कालचा गुडघाभर आज पुरुषभर. होडीत चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवून त्याचे पट्टे आवळलेले पाहावेत. मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट घातले तर पाण्यात ते डोक्यावरून निसटते. मापाचे नसेल तर त्या होडीत बसू नये. किनारा जवळ आला म्हणून जॅकेट आधीच सोडू नये. होडीत किती माणसे घेण्याची परवानगी आहे ते विचारावे, आणि तांडेल चिडला तरी मोजून घ्यावे. चांगला तांडेल सहसा चिडत नाही.

राहण्याजेवण्याचे फार सांगण्यासारखे नाही. घरगुती निवासाच्या सोयी मालवण-तारकर्लीत पुष्कळ आहेत आणि माणसे अगत्याची आहेत. फोनवर विचारायच्या गोष्टी एवढ्याच : भाडे माणशी की खोलीमागे, जेवण त्यात धरले आहे का, मुलींच्या झोपण्याची आणि संडासाची सोय वेगळी आहे का, आणि उन्हाळ्यात पाणी पुरते का. ठरलेला आकडा लेखी मागवून घ्यावा, नंतर वाद होत नाहीत. शाकाहारी मंडळींनी आधी कळवले तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी मिळते. ती माशांच्या ताटाहून कमी नाही असे म्हणणारेही आहेत, मी त्यांतला नव्हे.

किल्ल्याला सकाळचा पहिला फेरा धरावा. ऊन चढले की तटावर पाय भाजतात. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. दरवाजा गावाकडे तोंड करून आहे, पण तटाच्या वळणात असा दडवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. मुलांना धक्क्यावरूनच शोधायला सांगा. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन विहिरी आहेत, आणि चहूकडे खारे पाणी असताना त्यांचे पाणी गोडे आहे. असे कसे, हे मुले विचारतीलच. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, आणि गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे ते खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखे राहते. परत आल्यावर एका पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्या आणि चमच्याच्या पाठीवरून शाई घातलेले साधे पाणी हळूच सोडा. ते वरच राहते. वर्गातल्या प्रत्येकाला स्वतः करू द्या, पेले थोडे जास्त आणून ठेवा.